सगळे ठीक असताना रिकामी झालेली टाकी: डोंगरगावाजवळच्या मोटरहोम थांब्यावरचे एक प्रकरण

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. उत्तर इटलीतले एक डोंगरी गाव आणि गावाबाहेर बारा मोटरहोमचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांचा, थांबा. इंदूरच्या एका मराठी कुटुंबाने तिथे रात्र काढली. सकाळी सहाला काकूंनी तोंड धुवायला नळ उघडला तर नुसती हवा आली. झोपताना टाकीत साठ-सत्तर लिटर पाणी होते. ते सगळे गाडीखालून उतारावर गेले होते आणि खालच्या पायवाटेवर त्याचा बर्फ झाला होता.

गाडीत बिघाड कसलाच नव्हता. पाइप फुटला नव्हता, नळ उघडा राहिला नव्हता. एका छोट्या झडपेने तिला नेमून दिलेले काम चोख केले होते. म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले. बिघाडाच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात आणि त्यांचा शेवट दुरुस्तीवाल्याच्या बिलापाशी होतो. इथे सगळे ठीक असून सहा माणसे उणे तापमानात पाण्यावाचून बसली. कुटुंबाच्या संमतीने, त्यांची आणि गावाचीही नावे गाळून, काकांच्या वहीवरून आणि घरातल्या सगळ्यांशी झालेल्या बोलण्यावरून मी हे लिहिले आहे. वही नसती तर लिहिले नसते, कारण तीन जणांनी त्या रात्रीच्या तीन वेगळ्या हकिगती सांगितल्या.

माणसे, गाडी आणि वजन

काका-काकू राजेंद्र नगरातले. काका पीएचईतून, म्हणजे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्यातून, निवृत्त. नर्मदेचे पाणी इंदूरला चढवणाऱ्या योजनेवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. मुलगा म्युनिकला नोकरीला, सोबत सून, तेरा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू. गाडी म्युनिकहून भाड्याने घेतलेली, सातेक मीटर लांब, तीन मीटरहून उंच, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली आणि साडेतीन टनांच्या आतली.

हा साडेतीन टनांचा आकडा नीट समजून घ्यावा. त्याच्या आत असलेली गाडी मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते आणि ऑस्ट्रियातून जाताना टोलचे स्टिकर चालते, ब्रेनरच्या महामार्गाचा टोल मात्र वेगळा भरावा लागतो. पण अशा गाडीचे स्वतःचे वजनच तीन टनांच्या आसपास असते. उरलेल्या चार-पाचशे किलोंत सहा माणसे, बॅगा, अंथरुणे, काकूंचा शिधा आणि पाणी बसवायचे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. म्हणून मुलाने म्युनिकहून निघताना टाकी पावच भरली आणि थांब्यावर पोचल्यावर ती काठोकाठ केली. हा निर्णय अगदी बरोबर होता, पुढे जे झाले त्याचा दोष त्याच्यावर टाकू नये. सून अजूनही टाकते.

परवान्याचा मुद्दा थोडक्यात. काकांनी इंदूरच्या आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, पण भाडेकरारात चालक म्हणून नाव एकट्या मुलाचे. त्यामुळे पूर्ण प्रवास त्यानेच चालवले आणि संध्याकाळी तो दमलेला असायचा. रात्रीच्या निर्णयांत त्याचा आवाज कमी का होता, हे त्यावरून कळते.

शिध्यात पोहे, शेव, जीरावन, मसाले होते. तूप आणि माव्याची मिठाई घरीच ठेवावी लागली, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. काकूंनी हे शेवटच्या दिवशी ऐकले आणि डबा शेजारी दिला.

थांबा म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे

म्युनिक, इन्सब्रुक, १,३७० मीटरवरची ब्रेनर खिंड आणि मग पूर्वेकडे वळून पुस्टर खोऱ्यातून टोब्लाखकडे, असा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता. हा दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, आता इटलीचा, आणि बहुसंख्य लोक आजही जर्मन बोलणारे. प्रत्येक पाटीवर दोन नावे. टोब्लाखचेच इटालियन नाव डोब्बियाको. वस्ती बाराशे मीटरच्या वर आणि थंडीसाठी प्रसिद्ध. दक्षिणेला डोलोमाइटचे सुळके, जे २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

थांब्याच्या फलकावर जर्मनमध्ये 'श्टेलप्लात्स' आणि इटालियनमध्ये 'आरेआ सोस्ता' लिहिलेले. आपल्याकडून जाणारी मंडळी याला कॅम्पिंगची जागा समजतात. कॅम्पिंगच्या जागेत स्वागतकक्ष असतो, न्हाणीघरे असतात, रात्री अकरालाही दार ठोठावता येईल असा कुणीतरी माणूस असतो. थांब्यावर यातले काही नसते. एक सपाट खडीची जागा, पैसे टाकायचे यंत्र, पिण्याच्या पाण्याचा नळ, वापरलेले पाणी सोडायची जाळी, संडासाची कॅसेट, म्हणजे त्याखालची बंद पेटी, रिकामी करायची मोरी, आणि असलाच तर विजेचा खांब. गाव तुम्हाला गाडी लावू देते आणि गाडीतले पाणी बदलू देते, एवढाच व्यवहार. म्हणून तो कॅम्पिंगपेक्षा बराच स्वस्त पडतो.

कायद्याची भाषाही हेच सांगते. इटलीच्या १९९२ च्या वाहतूक संहितेतले कलम १८५ म्हणते की उभी असलेली मोटरहोम म्हणजे कॅम्पिंग नव्हे, पण तीन अटींवर: तिची फक्त चाके जमिनीला टेकलेली असावीत, इंजिनाचे सोडून दुसरे कुठलेही पाणी तिच्यातून खाली पडू नये, आणि तिने स्वतःच्या आकारापेक्षा जास्त जागा अडवू नये. वापरलेले आणि घाण पाणी नेमलेल्या जागेबाहेर सोडायला त्याच कलमात वेगळी बंदी आहे. अटी रस्त्यावर उभ्या गाडीसाठी लिहिल्या आहेत, पण थांब्यांवरची शिस्त त्याच मुशीतली असते. यातली दुसरी अट वाचकांनी लक्षात ठेवावी.

तिसऱ्या अटीची प्रचीती कुटुंबाला पोचल्यापोचल्या आली. ऊन छान होते. काकूंनी गाडीच्या बाजूला सतरंजी अंथरली, सुनेने दोन खुर्च्या काढल्या. पलीकडच्या गाडीतल्या वयस्क जर्मन गृहस्थांनी येऊन, नमस्कार वगैरे करून, फलकावरच्या एका चित्राकडे बोट दाखवले. चित्रात खुर्ची होती आणि तिच्यावर लाल फुली. मुलाला राग आला. काका म्हणाले, "अरे, आपण रस्त्याकडेला गाडी लावलीय. जेल रोडवर कुणी सतरंजी टाकून बसलं तर तू काय म्हणशील?" सतरंजी आत गेली. त्या गृहस्थांशी ओळख झाली ती अशी, आणि सकाळी तीच कामी आली.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र या कुटुंबाला कुणाला काही सांगावे लागले नाही. इंदूरमध्ये घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा दिला जातो. नातीने गाडीत पहिल्याच दिवशी पिशव्या टांगल्या होत्या.

संध्याकाळ: कॅसेट, पोहे, वाफ

पहिले काम कॅसेटचे. मोटरहोमच्या संडासाखाली सतरा-वीस लिटरची बंद पेटी असते. सहा माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते. बाहेरच्या बाजूने छोटे दार उघडून ती ओढून काढायची, चाकांवर ढकलत मोरीपर्यंत न्यायची, ओतायची, धुवायची, नवे औषध घालून परत बसवायची. पेटी बंद असते, वासही फारसा नसतो. तरी 'कोण नेणार' या प्रश्नावर गाडीत शांतता पसरली. मुलगा म्हणाला, "मी दिवसभर गाडी चालवलीय." सून काही बोलली नाही, पण तिच्या न बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

काका उठले आणि हातमोजे मागितले. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागून घेतले होते, ते मिळावे म्हणून अन्न कमी केले होते, ही गोष्ट त्यांनी नातवाला मोरीपर्यंतच्या वाटेत सांगितली. मुलगा मागून आला आणि पेटी त्याने घेतली. आपल्याकडे मैला हाताने वाहायला लावण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी स्वतःच्या घरची बंद पेटी पन्नास पावले ढकलत न्यायला सुशिक्षित माणूस बिचकतो. मोटरहोमच्या जाहिरातींत हा प्रसंग नसतो. जाणाऱ्यांनी हे काम कुणाचे ते इंदुरातच ठरवून निघावे, डोंगरात नाही.

मग जेवण. काकूंनी इंदुरी पद्धतीचे, वाफेवरचे पोहे केले. बाराशे-तेराशे मीटरवर पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे सगळ्याला थोडा जास्त वेळ लागतो. सूर्य डोंगराआड गेला आणि थंडी लगेच उतरली. म्हणून छताची खिडकी बंद केली. शेगडी पाऊण तास चालू. काचा आतून धुकटल्या, गादीच्या कडा ओलसर झाल्या. झोपलेला माणूसही रात्रभरात पेलाभर पाणी श्वासातून आणि अंगातून हवेत सोडतो. सहा माणसे, पोह्यांची वाफ आणि एक बंद डबा. आठ वाजता काकूंच्या तोंडून निघाले, "आत दमट आणि बाहेर गार, हे काही खरं नाही."

विजेच्या खांबाला चारच सॉकेट होते आणि चारही गेलेले. तोटा मोठा नव्हता. अशा खांबांवर बहुधा सहा अँपिअरच मिळतात, म्हणजे चौदाशे वॉटच्या आत. सुनेची दोन हजार वॉटची किटली लावली असती तर फ्यूजच उडाला असता. गाडीची बॅटरी ९५ अँपिअर-तासांची, त्यातली निम्मी वापरावी असा संकेत. दिवे, फोन, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा एवढ्याला ती एक रात्र सहज पुरते. जेवणानंतर काका वहीत हिशेब करत बसले होते. वहीच्या त्याच पानावर एक नकाशाही आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

हीटर बंद करण्याचा निर्णय

रात्री दहाला हीटर बंद झाला. का, याची तीन उत्तरे मिळाली.

सुनेचे उत्तर: पंख्याचा आवाज, नातू झोपेना. मुलाचे उत्तर: गॅस संपेल ही भीती. काकांचे उत्तर वेगळे आणि वजनदार होते. आपल्याकडे न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसे दगावतात. खिडकी बंद, ज्योत चालू, खोलीतला प्राणवायू कमी होतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेत जातो. सहा माणसे बंद डब्यात निजणार आणि रात्रभर गॅसची ज्योत चालू ठेवायची? पाणीपुरवठ्यात आयुष्य गेलेल्या अभियंत्याने हा प्रश्न विचारला, यात मला वावगे काही दिसत नाही.

पण यंत्र वेगळे होते. मोटरहोमचा हीटर बंदिस्त ज्वलनाचा असतो. जळण्यासाठी लागणारी हवा तो गाडीच्या भिंतीतल्या नळीतून बाहेरून घेतो आणि धूरही तिथूनच बाहेर टाकतो. खोलीतली हवा त्या ज्योतीपर्यंत पोचतच नाही. पंखा जी हवा फिरवतो ती ज्योतीच्या बाहेरच्या धातूला लागून तापलेली असते. उलट शेगडीची ज्योत खोलीतलीच हवा खाते आणि आपला वायू खोलीतच सोडते. म्हणजे त्या संध्याकाळी जीवाला खरा धोका होता तो पाऊण तास, छताची खिडकी लावून, पोहे वाफवताना. तेव्हा कुणालाही भीती वाटली नाही. पोह्यांना कोण घाबरणार? गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे की नाही, हेही कुणी पाहिले नव्हते.

गॅसचा हिशेब काकांनी वहीत केला होता. सहा किलोवॉटचा हीटर पूर्ण ताकदीवर तासाला अर्ध्या किलोच्या जवळपास गॅस घेतो. आठ तास म्हणजे चार किलो, अकरा किलोचा सिलिंडर तीन रात्रींच्या आत रिकामा. गणित बरोबर, गृहीतक चुकलेले. खोली एकदा तापली की हीटर पूर्ण ताकदीवर चालत नाही, थांबत-थांबत चालतो. बारा अंशांवर ठेवला तर आणखीच कमी. शिवाय गाडीत दुसरा सिलिंडर भरलेला होता. प्रोपेन असल्यामुळे थंडीने तो अडूनही बसला नसता. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायूरूप होतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच आळशी होतो.

तर दहाला हीटर बंद, सगळे दोन-दोन पांघरुणांत. पंपाचे बटण चालूच राहिले, रात्री कुणी उठले तर पाणी हवे म्हणून.

पहाटे काय घडले

हीटरच्या पोटात दहा लिटरची गरम पाण्याची टाकी असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि गोठले तर ही टाकी फुटते. दुरुस्ती महाग. म्हणून तिच्याजवळ एक झडप बसवलेली असते. झडपेपाशी तापमान तीन अंशांच्या आसपास आले की ती आपोआप उघडते आणि टाकीतले पाणी गाडीखाली सोडून देते. तिला वीज लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. आणि एकदा उघडली की तिच्याभोवतीची जागा सातेक अंशांच्या वर तापल्याशिवाय ती परत बंद करता येत नाही.

या गाडीत झडप बाकाखाली, बाहेरच्या भिंतीला लागून होती. बाकाखालीच काकूंच्या शिध्याच्या पिशव्या गच्च भरलेल्या. आतल्या खोलीत माणसांच्या उबेने कदाचित आठ-नऊ अंश राहिले असतील, पण त्या कोपऱ्यात ऊब पोचायला वाटच नव्हती. डॅशबोर्डवर सकाळी बाहेरचे तापमान उणे तीन दिसले.

दहाच लिटर गेले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पंप चालू होता. झडप उघडली, नळांतला दाब उतरला, पंपाला वाटले कुणीतरी नळ उघडला आहे, आणि तो मोठ्या टाकीतले पाणी हीटरमार्गे खाली ढकलू लागला. नातीने रात्री घरघर ऐकली होती. तिला वाटले आजोबांनी हीटर पुन्हा लावला, आणि ती निवांत झोपली. टाकी संपल्यावरही पंप कोरडा फिरत राहिला असणार. तो जळाला नाही हे नशीब.

काकांनी सकाळी पाच मिनिटांत अर्धे निदान केले: पाइप फुटला असता तर आत ओल असती, आत ओल नाही, म्हणजे पाणी ठरलेल्या वाटेनेच गेले, म्हणजे कुठेतरी झडप आहे. ती कुठे आहे हे मात्र त्यांना सापडले नाही. माहितीपुस्तिका जर्मनमध्ये आणि मुलगा बाहेर बर्फ बघत उभा.

कालचे शेजारी आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, पाणी स्वच्छ की वापरलेले. मला हा प्रश्न या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नेमका वाटतो. वापरलेले असते तर ते नियमभंगाचे प्रकरण झाले असते. स्वच्छ असले तरी पायवाटेवर बर्फ होताच, आणि त्या वाटेने गावातली मुले शाळेच्या बसकडे जातात. मुलगा आणि ते गृहस्थ रस्त्याकडेच्या पेटीतली खडी आणून वाटेवर पसरत असताना पैसे तपासणारा नगरपालिकेचा माणूस आला. त्याने बर्फ पाहिला, झडपेची गोष्ट ऐकली, मान हलवली आणि आणखी एक बादली खडी टाकायला सांगितली. दंड झाला नाही. यावरून दंड होत नसतो असा अर्थ कुणी काढू नये. आदल्या दिवशी सतरंजी मुकाट्याने उचलली गेली नसती तर शेजारी त्या माणसाशी काय बोलले असते, कुणास ठाऊक.

पुढचा प्रश्न पाण्याचा. संडासाचे पाणीही त्याच टाकीतून येते, त्यामुळे घाई होती. थांब्यावरचा नळ गोठलेला. काका पाच लिटरचा कॅन घेऊन गावात गेले आणि चौकातल्या दगडी कुंडातून भरून आणला. तिथले पाणी रात्रंदिवस वाहते ठेवलेले असते, म्हणून ते इतक्या लवकर गोठत नाही. 'पिण्याचे नाही' अशी पाटी नाही ना, हे त्यांनी पाहून घेतले. पीएचईतल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. कॅन भरून येताना त्यांनी बेकरीतून पाव घेतले. थांब्याचे पैसे सोडता कुटुंबाने त्या गावात खर्च केलेले हे पहिले पैसे, कारण बाकी सगळे इंदूरहून आलेले होते. असे थांबे गावे चालवतात ते येणारा माणूस बेकरीत जाईल, एक वेळ तिथे जेवेल या आशेवर. शिधा अर्धा न्यावा, असे मी आता सगळ्यांना सांगतो. वजनही वाचते.

नऊनंतर ऊन आले, नळ वाहू लागला. मग क्रम असा झाला: आधी टाकी न भरता हीटर नुसत्या हवेसाठी चालू केला, रिकाम्या पोटीही तो चालतो. पिशव्या काढून बाकाखालची जागा मोकळी केली. अर्ध्या तासाने झडपेचे बटण फिरवून दाबले तर ते दाबलेले राहिले. त्याआधी सुनेने ते दोनदा दाबून पाहिले होते आणि दोन्ही वेळा उसळून वर आले होते. मग टाकी भरली, पंप चालू केला, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला आणि फुसफुस थांबून सलग धार लागेपर्यंत थांबले. साडेदहाला काकूंनी चहा ठेवला, या वेळी छताची खिडकी उघडी ठेवून.

कारण कुठे शोधायचे

कुटुंबात यावर वाद आहे आणि मी एका बाजूचा आहे. मुलगा म्हणतो, कारण म्हणजे हीटर बंद केला हेच. ते खरे, पण त्याने काही उलगडत नाही. घरात झोपताना आपण गॅस बंद करतो, गिझर बंद करतो, ही चांगली सवय आहे. त्या गाडीत हीटर माणसांसाठी जेवढा असतो तेवढाच पाण्यासाठी असतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. गाडी ताब्यात देताना भाड्याच्या कंपनीच्या माणसाने संडास, शेगडी आणि बाहेर ओढायचा सावलीचा पडदा घाईघाईने दाखवला. झडपेचा उल्लेख नाही, पंप रात्री बंद ठेवावा हेही नाही. कॅम्पिंगच्या जागी ही पोकळी भरून निघते, कारण स्वागतकक्षातला माणूस संध्याकाळी सहज म्हणतो, आज रात्री गोठेल बरे का. थांब्यावर ते सांगणारे कुणी नसते. थांब्याचे कमी पैसे म्हणजे त्या माणसाचे न दिलेले पैसे.

म्हणून गाडी घेताना विचारायचे प्रश्न माझ्या मते तीनच, आणि तिन्ही पाण्याचे: थंडीत पाणी सोडणारी झडप कुठे आहे, ती हाताने कशी बंद करायची, आणि पंपाचे बटण कुठे. बाकी सगळे गाडी चालवता-चालवता कळते.

आता वहीतला नकाशा. टोब्लाखच्या सपाटीवर पाणलोटाची रेघ आहे. तिच्या पश्चिमेचे पाणी रिएन्त्स नदीने आइझाकला, तिथून आदिजेला आणि शेवटी एड्रियाटिक समुद्राला मिळते. पूर्वेला द्रावा उगम पावते आणि तिचे पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात जाते. काकांनी शेजारी इंदूर काढले आहे: दक्षिणेला नर्मदा, अरबी समुद्राकडे, आणि शहरातली खान नदी उत्तरेकडे क्षिप्रेला, चंबळेला, यमुनेला, गंगेला. जलूदहून पंपांनी उचललेले नर्मदेचे पाणी इंदूर पिते आणि वापरून झाले की त्यातले बरेचसे खान नदीत जाते. पश्चिम समुद्राकडे जाणारे पाणी शहराने पूर्व समुद्राकडे पाठवले. १९७८ साली या योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हापासून हे चालू आहे. त्यांच्या गाडीतले सत्तर लिटर उताराने कुठल्या समुद्राकडे गेले असतील, याचा काकांनी बराच विचार केला आणि रिएन्त्सच्या बाजूला खूण केली. या नोंदीचा झडपेशी संबंध नाही. पण वही वाचताना माझ्या लक्षात आले की 'पाणी गेले' असे ते कुठेच लिहीत नाहीत, ते कुठे गेले हे लिहितात, आणि सकाळी त्यांचे निदान इतक्या लवकर झाले ते याच सवयीमुळे.

दुसरी रात्र

ते त्याच थांब्यावर आणखी एक रात्र राहिले. मुलाला वीज असलेल्या कॅम्पिंगमध्ये जायचे होते, काका अडून बसले. हीटर बारा अंशांवर, पंप बंद, बाकाखालची जागा मोकळी, छताची खिडकी दोन बोटे उघडी. नातवाला पंख्याच्या आवाजापासून लांब, वरच्या पलंगावर झोपवले. सिलिंडरचे वजन काकांनी संध्याकाळी आणि सकाळी विमानतळाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर केले. काटा आणि सिलिंडर दोघांचीही ती कसोटी होती. फरक दोन किलोंच्या थोडा आत निघाला, म्हणजे पहिल्या रात्रीच्या हिशेबाच्या निम्म्याहून कमी.

मुलाचे मत तरीही बदललेले नाही. लहान मुले सोबत असताना ऑक्टोबरात डोंगरात थांबा निवडू नये, मे ते सप्टेंबर निवडावा, असे तो म्हणतो. काका म्हणतात, झडप माहीत असेल तर महिना कुठलाही चालेल. माझे मत मुलाच्या बाजूला झुकते, पण त्याच्या कारणासाठी नाही: ऑक्टोबर पुढे सरकला की बऱ्याच थांब्यांवर नळच हिवाळ्यासाठी बंद करतात, आणि मग झडप माहीत असूनही टाकी भरायला गावातल्या कुंडापर्यंत वीस खेपा घालाव्या लागतात. काकूंनी हे ऐकले आणि विचारले, दहा लिटरचा कॅन नेला तर दहाच होतील ना?